रॉक ऐकण्यास नुकतीच सुरुवात करणाऱ्यास
परभणीत बसून दहा बँडची नावे पाठ करण्यापेक्षा एकच अल्बम निवडा आणि तो क्रम न बदलता किमान तीनदा ऐका. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मध्ये बहुतेक गाणी एकमेकांत मिसळतात, त्यामुळे क्रम मोडला की अर्धी गोडी जाते. मत त्यानंतर मांडा, आणि ‘भारी’ म्हणून न थांबता ड्रम्स, बेस की गिटार, नेमके काय भावले ते सांगा. (हलगीवर वाढलेल्या आपल्या कानांना ड्रम्स लवकर उमगतात, असा माझा अनुभव आहे.) प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी पुण्यामुंबईचा खर्च एवढ्यात नको; १९७२ मध्ये जपानमधील मैफलींत ध्वनिमुद्रित झालेला डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’ आधी ऐका. पुढे कधी कार्यक्रमाला गेलातच, तर स्पीकरलगत उभे राहू नका. माझे कान परतीच्या गाडीत परभणीपर्यंत वाजत होते.