मूल्यांकन फर्म वाढवताना आधी ठरवा: फोन कोण घेणार, सही कोण करणार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये तीन भागीदारांची, घर-जमिनीची किंमत ठरवून देणारी मूल्यांकन फर्म, बहुतेक काम बँकांच्या गृहकर्जाचं. ज्येष्ठ भागीदार प्रत्येक रिपोर्ट ओळ न् ओळ वाचतात, त्यामुळे काम तुंबतं. दुसरे भागीदार बोलके, त्यांना आणखी बँकांच्या पॅनलवर (बँकेने मान्य केलेल्या व्हॅल्युअरच्या यादीवर) जाऊन धुळ्याला ऑफिस काढायचंय. तिसरे तुम्ही. धोरण कोणतं घ्यावं आणि त्यात स्वभावाचा वाटा किती, हे तुम्ही विचारलंय.

वाटा फार मोठा आहे. संस्थेचे निर्णय म्हणजे वर बसलेल्या माणसांच्या अनुभवाचं आणि धारणांचं प्रतिबिंब, अशी मांडणी हॅम्ब्रिक आणि मेसन यांनी 1984 मध्ये केली. मोठ्या कंपनीत माणूस आणि निर्णय यांच्यामध्ये निदान चार समित्या तरी असतात. आपल्या दहा-पंधरा जणांच्या ऑफिसात मध्ये कोणीच नसतं. साहेबांना जे काम रुचतं तेच येतं, आणि साहेबांना जे बोलायला अवघड जातं ते वर्षानुवर्षं बोललं जात नाही.

त्यातून आपला व्यवसाय वेगळा. बऱ्याच वेळा फी कर्जदाराच्या खिशातून जाते, काम बँकेकडून येतं, आणि आपल्या आकड्यावर विसंबून पैसे बाहेर पडतात ते बँकेचे. म्हणून ‘साहेब, 85 लाख बसवा ना, बाकी सगळं क्लिअर आहे’ हा फोन प्रत्येक ऑफिसात येतो. त्या फोनला तुमची फर्म काय उत्तर देते, तेच तुमचं खरं धोरण. लोकांना धरून राहणारा, कोणाला नाराज करणं जड जाणारा माणूस इतर धंद्यांत फर्म मोठी करतो. इथे त्याच्याच हातात आकडा असेल तर तोच स्वभाव फर्मला गोत्यात आणतो. आयबीबीआयकडे (दिवाळखोरी आणि मूल्यांकनावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय मंडळाकडे) नोंदणी असलेल्या व्हॅल्युअरच्या आचारसंहितेत तर क्लायंटच्या सोयीचं मूल्यांकन करू नये, आणि पुरेसा वेळ देता येणार नसेल इतकी कामं घेऊ नयेत, या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत.

पण मला फोनपेक्षा जास्त काळजी साइटवर जाणाऱ्या तरुण इंजिनिअरची वाटते. त्याला कोणी फोन करत नाही. तो साहेबांना ओळखायला शिकतो. कोणता आकडा पाहिला की साहेब कपाळाला आठ्या घालतात आणि कोणत्या आकड्यावर मुकाट सही होते, हे त्याला सहा महिन्यांत कळतं. मग तो तोच आकडा आणतो. दबाव कोणी टाकलेला नसतो, तरी रिपोर्ट वाकडा झालेला असतो. त्यात बँकेच्या पत्राबरोबर खरेदीच्या करारनाम्याची रक्कम आधीच हाती येते आणि मन तिच्याभोवतीच घुटमळतं. यावर एक साधी शिस्त लावा: साइटवरून आल्यावर इंजिनिअरने आजूबाजूचे विक्रीव्यवहार आणि त्यावरून निघणारा दर आधी लिहून, तारीख घालून फाइलला लावायचा. कराराची रक्कम त्याने त्यानंतर पाहायची. फरक मोठा असेल तर कारण लिहायचं. तुमच्या ज्येष्ठ भागीदारांना ही पद्धत आवडेल, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं.

त्यांच्या काटेकोरपणाला फक्त ‘स्वभाव’ म्हणून बाजूला सारू नका. कंपनी कायद्याखालच्या नोंदणीकृत व्हॅल्युअरसाठीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत फर्मच्या नावाने दिलेल्या रिपोर्टवर त्या मालमत्ता-वर्गात नोंदणी असलेल्या भागीदारालाच सही करता येते, आणि जबाबदारी फर्मबरोबर त्याच्यावरही येते. त्यांची भीती खरी आहे. चूक एवढीच, की इंदिरानगरमधल्या नेहमीच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटला आणि वर्ग 2 च्या (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) जमिनीला ते सारखाच वेळ देतात. त्यांची नजर लागते ती अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या भाडेपट्ट्यावरच्या शेडला, शहराच्या हद्दीबाहेरच्या बिगरशेती प्लॉटला, सरफेसीच्या (थकीत कर्जापोटी तारण मालमत्ता विकण्याच्या कायद्याखालच्या) लिलावाच्या राखीव किमतीला. फ्लॅटचं काम तपासणी-यादीवर तुम्ही आणि एक अनुभवी इंजिनिअर सांभाळू शकता.

बोलक्या भागीदारांचं कामही मोलाचं आहे, फक्त जागा बदला. थकलेली फी वसूल करणं, नगररचना विभागातून कागद काढणं, वकील आणि सीएंच्या ऑफिसांत ओळख वाढवणं हे त्यांनीच करावं. दोन गोष्टी मात्र लेखी ठरवा: त्यांच्या तोंडून कोणालाही अंदाजे आकडा जाणार नाही, आणि आकड्याविषयी आलेल्या प्रत्येक फोनची नोंद (कोणाचा, केव्हा, काय म्हणाले) फाइलमध्ये जाईल. नोंदी ठेवायच्याच आहेत. त्याच 2017 च्या नियमांप्रमाणे कामाचं रेकॉर्ड किमान तीन वर्षं जपावं लागतं.

आता विस्ताराविषयी. धुळ्याच्या मी आत्ता विरोधात आहे. तिथल्या गल्लीतला दर नाशिकमध्ये बसून कळत नाही, म्हणजे तिथे निर्णय घेणारा माणूस लागणार, आणि पहिल्याच ऑफिसात निर्णय कोण घेतं हे अजून ठरलेलं नाही. गृहकर्जाचं आणखी काम म्हणजे तीच घाई आणि तीच घासाघीस. एका बँकेने पॅनल बदललं की महिन्याचे पगार अडकतात. त्यापेक्षा कंपनी कायद्याखालची आणि दिवाळखोरीतली कामं घ्या. तिथे फी विचाराला मिळते.

त्यासाठी एक अडचण आधी पाहा. आयबीबीआयकडे फर्म म्हणून नोंदणी हवी असेल तर तीन किंवा सर्व भागीदार, यांतली जी संख्या कमी असेल तितके स्वतः नोंदणीकृत लागतात. तुम्ही तिघंच आहात, म्हणजे तिघांनाही नोंदणी हवी. ज्येष्ठांकडे संपत्ती कर कायद्याच्या कलम 34 एबीखालची जुनी नोंदणी असली तरी कंपनी कायद्याच्या कामाला ती चालत नाही. 50 तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांनाही द्यावी लागेल. या वयात परीक्षा कशाला, असं ते म्हणतील. तिघांनी मिळून बसा. एकट्याने बसायला लावलं तर ते टाळतील.

आणि त्यांच्याशी बोलताना ‘काम वाटून द्या’ या वाक्याने सुरुवात करू नका, लगेच बचावात्मक होतील. गेल्या वर्षीच्या फाइली काढा आणि त्यांनी वाचल्यावर कुठल्या रिपोर्टमधला आकडा किंवा शेरा बदलला, त्याची यादी करा. मालमत्तेच्या प्रकारानुसार ती यादी त्यांच्यासमोर ठेवा आणि पुढे काय वाचायचं, काय सोडायचं, ते त्यांनाच ठरवू द्या.