स्कॉटिश मित्राच्या लग्नात भारतीय माणसाने किल्ट घातला तर चालतो का? त्याचे नियम काय असतात?

चालतो, बिनधास्त घाला. किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा कमरेभोवती गुंडाळायचा, गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा पोशाख.

ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या पर्थजवळ मित्राचं लग्न आहे, आमंत्रणात पुरुषांसाठी ‘किल्ट किंवा सूट’ असं लिहिलंय, आणि आपलं ना तिथलं कुळ ना टार्टन (किल्टच्या कापडाची चौकड्यांची नक्षी), मग कुणाला राग तर येणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय. मी अकरा वर्षं ग्लासगोत आहे आणि आठ-नऊ लग्नांना किल्ट घालून गेलोय. आजवर कुणी नाक मुरडलं नाही. उलट घरातली मोठी माणसं मुद्दाम जवळ येतात, कापडाला हात लावून बघतात, टार्टन कुठला ते विचारतात आणि तिथून गप्पा सुरू होतात. खटकतो तो एडिनबरोच्या रॉयल माइल या पर्यटकांच्या रस्त्यावर मिळणारा स्वस्त ॲक्रिलिकचा किल्ट, वर लाल केस चिकटवलेली टोपी आणि हातात बिअरचा कॅन. लग्नघरी तो प्रकार अजिबात नको. आणि कुणी गमतीत म्हटलं तरी आपण किल्टला स्कर्ट म्हणायचं नाही.

टार्टनची धास्ती तर सोडूनच द्या. कुठल्या कुळाने कुठला टार्टन घालावा याचा कायदा नाही. बॅल्मोरल नावाचा करडा टार्टन तेवढा राजघराण्यासाठी आणि राजाच्या पायपरसाठी (बॅगपाइप वाजवणाऱ्यासाठी) राखीव मानतात, आणि तो दुकानात तुमच्यासमोर येणारच नाही. 2008 च्या कायद्याने टार्टनची सरकारी नोंदवही सुरू झाली, पण ती नक्षीची नोंद ठेवते, कुणी काय घालावं ते सांगत नाही. कुळागणिक ठरलेले टार्टन ही प्रथासुद्धा वाटते तितकी जुनी नाही. 1746 च्या कायद्याने सैन्याबाहेरच्या पुरुषांना आणि मुलांना हायलँडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला हा पोशाख करायला बंदी घातली होती. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार रवानगी. ती बंदी 1782 मध्ये उठली. पुढे 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताला सगळ्यांना हायलँडच्या पोशाखात उभं केलं, आणि आपापल्या कुळाचा टार्टन शोधायची लाट आली. एकेकाळी ज्या कपड्यासाठी माणसं तुरुंगात गेली तो आज लग्नाला घालायला मिळतोय, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणूनच तो नीट घालावा असा माझा आग्रह असतो.

तुम्हाला कुळ नाही तर ब्लॅक वॉच नावाचा टार्टन घ्या. गडद निळा-हिरवा, कुणावरही शोभतो. आधी नवरदेवाला मात्र विचारा. त्याच्या बाजूची मंडळी एकाच टार्टनमध्ये असतील तर तुम्हालाही तोच घ्यायला सांगतील, नाहीतर तो त्यांच्यापुरता राहू द्यायचा असेल.

आता नेसण्याबद्दल. पहिल्या वेळी मी जीन्ससारखा कमरेच्या हाडावर बांधला आणि किल्ट निम्म्या पोटरीपर्यंत लोंबायला लागला. मित्राच्या वडिलांनी मला बाजूच्या खोलीत नेलं, पट्टे सोडले, किल्ट सरळ बेंबीपर्यंत वर ओढला आणि म्हणाले, गुडघ्यांवर बस. मी बसलो. खालची कड जमिनीपासून बोटभर वर राहिली तसे ते म्हणाले, आता बरोबर. तेव्हापासून मी दर वेळी हेच करून बघतो. उभं राहिल्यावर कड गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून फार तर मध्यापर्यंत यावी, त्याखाली नाही.

मोजे आणि बूट आधी चढवा. आठ वारी किल्ट एकदा आवळला की वाकून नाड्या बांधणं जमत नाही. मग किल्ट मागून अंगाभोवती घ्या. आपल्याकडे निऱ्या पुढे येतात, इथे त्या मागे आणि शिवून पक्क्या केलेल्या असतात, पुढचा भाग सपाट. आतल्या पदराचा पट्टा डाव्या बाजूच्या फटीतून बाहेर काढून डावीकडे अडकवायचा. मग बाहेरचा पदर पुढून उजवीकडे आणून उजव्या कमरेवर बक्कल लावायचं. झालर असलेली कड उजवीकडे आली की समजा जमलं. पिन लावायची ती त्याच कडेला, खाली, आणि फक्त वरच्या पदराला. मी एकदा दोन्ही पदर एकत्र टोचले. बसताना कापड ताणलं आणि भाड्याच्या किल्टला भोक पडलं. भरपाई तर द्यावी लागलीच, पण कुणाच्या तरी हातांनी शिवलेली वस्तू आपल्यामुळे बिघडली याचं जास्त वाईट वाटलं.

पुढे लटकते ती पिशवी म्हणजे स्पॉरन. किल्टला खिसे नसतात, फोन-पैसे तिच्यातच. वेस्टकोटच्या खालच्या कडेपासून तीन बोटं खाली राहू द्या. दिवसा साधी चामड्याची, संध्याकाळच्या समारंभाला फर लावलेली. कोटात प्रिन्स चार्ली म्हणजे बो-टायचा, संध्याकाळचा कोट. त्याच्या वेस्टकोटवर कमरेचा पट्टा लावत नाहीत. आर्गाइल कोट साध्या टायवर दिवसाही चालतो. लग्न दुपारचं असेल तर मी आर्गाइलच सुचवेन, पण दिवसाउजेडी प्रिन्स चार्ली घातलेले लोक तुम्हाला भरपूर दिसतील. मोज्यांची घडी गुडघ्याखाली तीन-चार बोटं. भाड्याच्या दुकानात बहुधा पांढरट मोजे देतात, राखाडी किंवा गडद हिरवे मागून घ्या, जास्त शोभतात.

उजव्या मोज्यात खोचलेली छोटी सुरी म्हणजे स्कीन डू, तिथल्या गेलिक भाषेत काळी सुरी. डावखुरे डावीकडे खोचतात. मूठ थोडीशीच वर दिसावी. सार्वजनिक जागी पातं बाळगणं इथे गुन्हा आहे, पण 1995 च्या स्कॉटिश कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून सूट आहे. त्याच कलमात धार्मिक कारणही धरलंय, त्यामुळे शिखांच्या कृपाणालाही तिथेच संरक्षण मिळतं. म्हणून ती पूर्ण पोशाखासोबतच बाळगायची, जीन्सच्या खिशात नाही. विमानाने येणार-जाणार असाल तर केबिनच्या बॅगेत चुकूनही ठेवू नका. भाड्याच्या सेटमध्ये बहुतेक प्लास्टिकची नकली असते, तीही हातसामानात नको.

आत काय घालायचं, हे तुम्ही संकोचत विचारलंय. काही न घालण्याची प्रथा खरी आहे, पण ती सक्ती नाही. भाड्याचा किल्ट असेल तर चड्डी घालायचीच, तो तुमच्यानंतर दुसरा कुणी नेसणार आहे. लग्नात दोन पेग झाल्यावर एखादा पाहुणा खोदून विचारेल, कुणी मागून कड उचलायलाही येईल. त्याला स्पष्ट नाही म्हणा. चोरून खालून फोटो काढणं हा स्कॉटलंडमध्ये गुन्हा आहे.

बसताना दोन्ही हातांनी मागच्या निऱ्या खाली सारख्या करत बसा, नाहीतर त्या चुरगळतात आणि उठल्यावर किल्ट मागून वर राहतो. गुडघे जवळ, स्पॉरन मांड्यांच्या मधे. जेवणानंतर ‘केली’ (ceilidh) असेलच, म्हणजे जोड्यांचा नाच. त्यातल्या ‘स्ट्रिप द विलो’ नावाच्या नाचात गरगर फिरवतात, तेव्हा स्पॉरन आधी कमरेच्या बाजूला सरकवा. समोर राहिली तर प्रत्येक उडीला नको तिथे आपटते.

भाड्याने घ्यायचा तर महिनाभर आधी मापं द्या. कंबर बेंबीवरून मोजायची, पँटचा आकडा सांगायचा नाही. कपडे हातात आले की त्याच दिवशी सगळं एकदा अंगावर चढवून बघा, म्हणजे पट्टा कमी पडला तर बदलून घ्यायला वेळ राहतो.