फायरवॉलचं कॉन्फिगरेशन कर्नलमध्ये असावं की युजरस्पेसमध्ये?

तुम्ही लिनक्सबद्दल विचारताय असं धरून सांगतो. पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून येणारा डेटाचा तुकडा, अडवायचं काम कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचंच, त्यात वाद नाही, पण कोणाला अडवायचं हे लिहून ठेवणं, तपासणं, बदलणं हे सगळं बाहेर, युजरस्पेसमध्ये, म्हणजे साधे प्रोग्राम चालतात तिथेच बरं.

मी हे शिकलो ते तोंडावर पडून. एका क्लायंटच्या सर्व्हरवर आयपीटेबल्स या लिनक्सच्या जुन्या फायरवॉलमध्ये इनपुटची, म्हणजे मशीनकडे येणाऱ्या पॅकेटची, पॉलिसी ड्रॉप ठेवलेली (कुठल्याच नियमात न बसणारं सगळं टाकून द्यायचं) आणि वर एसएसएच, म्हणजे लांबून लॉगिन करायची वाट, सोडायचा नियम. म्हटलं नियम फार झालेत, सगळे फ्लश करू, म्हणजे पुसून टाकू, आणि नव्याने लिहू. फ्लशने नियम जातात पण पॉलिसी तशीच राहते, हे डोक्यातच नव्हतं, एंटर मारला आणि टर्मिनल जागच्या जागी गोठलं. शेवटी होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमधून मशीन रीस्टार्ट केलं, तर आत जाता आलं खरं, पण आता फायरवॉलच नाही! मी नियम सेव्हच केले नव्हते ना. कर्नलला फक्त आत्ता मेमरीत काय लोड आहे तेवढंच ठाऊक असतं, तुमच्या मनात काय होतं ते फाईलमध्येच असायला हवं.

आता कोणी म्हणेल मग ती फाईल कर्नलनेच वाचावी की. अहो, नियमात एखाद्या साइटचं नाव लिहिलं तर ते डीएनएसला विचारून आयपी काढायचा कोणी, कर्नलने? ते काम लोड करताना बाहेरचं टूल करतं, कर्नलला नुसता आयपी मिळतो. आणि फाईल वाचणाऱ्या कोडमध्ये बग निघाला तर बाहेर एक प्रोग्राम पडतो, कर्नलमध्ये निघाला तर अख्खं मशीन गेलं. ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पीएफ फायरवॉलमध्येही फिल्टर कर्नलमध्ये आहे, पण फाईल वाचतं ते बाहेरचं पीएफसीटीएलच.

२०१४ साली कर्नल ३.१३ मध्ये आयपीटेबल्सची जागा घेणारं एनएफटेबल्स आलं, त्यात ही वाटणी मला सगळ्यात पटते. कर्नलमध्ये साध्या सूचना चालवणारं एक छोटं व्हर्च्युअल मशीन आहे, त्याला एवढंच कळतं की पॅकेटमधले अमुक बाइट घे, तमुकशी ताडून बघ, जुळलं तर टाकून दे. २२ नंबरचा पोर्ट वगैरे तुमची भाषा एनएफटी हे टूल त्या सूचनांमध्ये उतरवतं. शिवाय अख्खी फाईल एका दमात लागू होते, एका ओळीत चूक असली तर काहीच लागत नाही. जुन्या आयपीटेबल्समध्ये एक नियम घालायचा तरी टूल पूर्ण टेबल कर्नलमधून बाहेर काढून, बदलून परत आत ढकलायचं, त्यात दोन प्रोग्राम एकदम घुसले की एकाचं काम पुसलं जाण्याची भीती.

युजरस्पेसची डोकेदुखी म्हणजे तिथे मालक अनेक. यूएफडब्ल्यू या सोप्या फायरवॉल-टूलमध्ये पोर्ट बंद करून निवांत झोपावं आणि कंटेनर चालवणाऱ्या डॉकरने तोच पोर्ट पब्लिश करून जगाला उघडा ठेवावा, कारण ते पॅकेट इनपुटमध्ये येतच नाही, पुढे कंटेनरकडे पाठवायच्या, फॉरवर्डच्या वाटेने जातं. म्हणून यूएफडब्ल्यूचं स्टेटस बघून समाधान मानू नका, कर्नलमध्ये खरंच काय लोड आहे ती यादी काढून बघा.

मी हल्ली लांबच्या सर्व्हरवर आधी नवी फाईल नुसती तपासून घेतो, मग पाच मिनिटांनी जुनी फाईल आपोआप परत लोड होईल असं लावून ठेवून नवी लोड करतो, आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन झालं की मगच ते काढून टाकतो.