सोलापुरात राहणाऱ्या तरुणांना आपल्या शहराबद्दल खरंच काय वाटतं?

प्रश्न विचारणाऱ्यांनी खाली लिहिलंय की त्यांची बँकेतली बदली नाशिकहून सोलापूरला झालीय, आणि चौकशी करायला गेलं की प्रत्येक सोलापूरकर पुण्यातच भेटतो. मग तिथं तरुण पोरं उरलीत तरी का, आणि उरली असतील तर त्यांचं काय चाललंय?

उरलोय की. मी सत्तावीस वर्षांचा, पूर्व भागात राहतो. पूर्व भाग म्हणजे तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या विणकरांची वस्ती. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारच्या गल्लीत दखनी, आणि मंडईत भाजीवाल्या मावशी कानडीतून भाव सांगतात. चारही भाषांत मला शिव्या येतात, कविता एकीतही येत नाही. बी.कॉम. केलं आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात टॅलीवर बसतो. पगार साडेसोळा हजार. आमच्या बारावीच्या वर्गातल्या मुलांपैकी किती जण इथं आहेत हे मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

आधी पाण्याचं सांगतो, कारण इथल्या माणसाचं वेळापत्रक पाणी ठरवतं. आमच्याकडं पाणी चार दिवसांनी येतं, कधी पाच. वेळ चावीवाल्याच्या हातात. गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर रात्री दीड वाजता कुणीतरी नुसतं 'आलं' असं टाकतं आणि पाच मिनिटांत सगळ्या घरांचे दिवे लागतात. मी हौदाचं झाकण काढतो, आई आधी पिण्याच्या घागरी धुते, वडील पाइप धरून बसतात. पहिल्या दोन-तीन बादल्या गढूळ असतात, त्या मोरीत. मग हौद, मग बॅरल, शेवटी कपडे भिजवायचं टब. सकाळी नऊला मी कामावर डोळे चोळत बसलेलो असतो. साहेबही तसेच, कारण त्यांच्याकडंही पाणी आलेलं असतं.

यात टोचणारी गोष्ट अशी की महाराष्ट्रातलं एक मोठं धरण आमच्याच जिल्ह्यात आहे. उजनीची क्षमता ११७ टीएमसी. त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी. त्याला हात घालावा लागला की पेपरात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. शंभर किलोमीटरवरून पाइपलाइन येते, ती पुरत नाही. म्हणून उरलेल्या पाण्यासाठी भीमा नदीत पाच-सहा टीएमसी सोडायचं आणि ते वाहत वाहत औजच्या बंधाऱ्यात आलं की तिथून उचलायचं. वाटेत ऊन पितं, वाळू पिते, मोटारी पितात. शहराच्या तोंडी थोडंच लागतं. आणि येतं ते काय? पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. आम्ही पोरं पुण्याला पाठवतो, पुणं आम्हाला हे पाठवतं. समांतर जलवाहिनीची, म्हणजे उजनीहून दुसऱ्या पाइपलाइनची, चर्चा मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ऐकत आलोय.

आता राजकारणाचं. बाहेरच्यांना आमचं मतदान कोड्यात टाकतं. २०२४ च्या लोकसभेला इथून काँग्रेसच्या प्रणिती शिंदे निवडून आल्या. नोव्हेंबरात विधानसभेला शहरातल्या तिन्ही जागा भाजपला. टीव्हीवाल्यांनी यात लाट, करंट, अंडरकरंट सगळं शोधलं. माझ्या गल्लीपुरतं सांगतो: लोकसभेला लोक महागाईवर आणि जातीपातीवर बोलत होते, विधानसभेच्या आधी आईच्या खात्यात लाडक्या बहिणीचे दीड हजार जमा झाले. माझी आई विड्या वळते. पहाटे पाचला उठून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं काढायची, पत्र्याच्या फर्म्यावर धरून कात्रीनं कापायची, मांडीवर सूप घेऊन चिमूटभर तंबाखू, वळी, दोरा, आणि नखानं तोंड मुडपायचं. हजार पुऱ्या झाल्या तरी तपासणीत काही छाट निघतात, त्यांची मजुरी बुडते. अशा बाईला कुणी न मोजता, न छाटता दीड हजार दिले, तर ती काय करेल? मी तिच्याशी या योजनेवर वाद घातला. ती म्हणाली, "तू दे मग." विषय संपला.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी कुठल्याच झेंड्याचा नाही, पण एका कामाला मानतो. कुंभारीला विडी आणि असंघटित कामगारांची तीस हजार घरांची वसाहत, रे नगर. लाल बावट्याचे माजी आमदार नरसय्या आडम, आमचे आडम मास्तर, यांनी वर्षानुवर्षं लावून धरली, आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या पंतप्रधान मोदींच्या हस्ते मिळाल्या. कम्युनिस्ट माणूस आणि भाजपचा पंतप्रधान एका व्यासपीठावर! दोन्हीकडच्या कट्टर लोकांची त्या दिवशी फार पंचाईत झाली. माझ्या मावशीला तिथं घर मिळालं. पहिल्यांदा गेलो तर तिनं संडासाचं दार उघडून दाखवलं, मग हॉल. उभ्या आयुष्यात स्वतःचा संडास पहिल्यांदाच. आता ती म्हणते की शहर लांब पडतं, माल आणायला-द्यायला जीव जातो, जावयाचं काम शहरात. तक्रार खरी आहे. पण पत्र्याच्या खोलीत परत जातेस का म्हटलं की हात जोडते.

महापालिकेचं मात्र मनाला लागलं होतं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूकच नाही. जवळजवळ चार वर्षं प्रशासक. नगरसेवक कसाही असो, त्याचं घर माहीत असतं. गटार तुंबलं की बायका जाऊन दारात उभ्या राहतात. प्रशासकाच्या दारात कुठं उभं राहणार? शेवटी मतदान लागलं ते ऐन गड्ड्याच्या दिवसांत. गड्डा म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा. इकडं नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम मैदानावर पाळणे, आणि तिकडं उमेदवारांचे भोंगे. मी रांगेत उभा राहून मत दिलं. कुणाला ते सांगत नाही, घरीही सांगितलेलं नाही.

विमानाचं विचारायला विसरलात, पण इथं कुणीही सोडत नाही म्हणून सांगतो. होटगी रस्त्यावर विमानतळ, त्याच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याची नव्वद मीटरहून उंच चिमणी. अख्खं शहर वर्षानुवर्षं 'चिमणी पाडा' आणि 'चिमणी वाचवा' असं दोन भागांत. १५ जून २०२३ ला पाडली. मी गच्चीवर होतो. ती वाकली आणि खाली गेली, मग धूळ. शेजारचे काका टाळ्या वाजवत होते. त्यांचा ऊसवाला मेहुणा त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलला नाही. जून २०२५ पासून गोव्याला विमान सुटतंय, ऑक्टोबरपासून मुंबईलाही. चांगलंच आहे, नाही म्हणणार नाही. पण आमच्या वर्गातली पोरं गेली ती पुण्याला, सकाळी साडेसहाच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं. १९३१ मध्ये फासावर गेलेल्या आमच्या चार हुतात्म्यांचं नाव त्या गाडीला, आणि सोमवारी तिचा जनरल डबा बघा, सोलापूरची सगळी इंजिनिअरिंग त्यात उभी असते.

कारण काम. १८७७ ची जुनी मिल इतिहासजमा झाली, बाकीच्या मिलाही गेल्या, राहिले यंत्रमाग. वडील चादरीवर होते, मग टॉवेलवर आले. सोलापुरी चादरीला जीआय आहे, तरी पानिपतची चादर सोलापुरी म्हणून खपते. चाळीस वर्षं मागावर काढल्यावर वडिलांना ऐकू कमी येतं आणि जिना चढताना धाप लागते. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले, तेव्हा दोन दिवस ते जेवले नाहीत. कुठल्याच सभेत 'कामगाराला रात्री बाहेर पडायचं दार किती' यावर कुणी बोललेलं मला आठवत नाही. आयटी पार्कवर बोलतात.

माझी काळजी? लग्न आणि पुण्याचं हडपसर. दोन्ही एकच आहेत. स्थळ आलं की पहिला प्रश्न, मुलगा पुण्यात आहे का? इथं स्वतःचं घर आहे, निर्व्यसनी आहे, हे सगळं त्याच्यानंतर. मागच्या वर्षी एका मुलीनं मला तोंडावर सांगितलं की तिला रात्री दोनला उठून पाणी भरायचं नाहीये. मला तिचा राग नाही आला, खरं तर पटलंच. आता मावसभावानं हडपसरला अठ्ठावीस हजारांची नोकरी बघितलीय. तिघांत खोली, डबा, गाडीचं पेट्रोल, महिन्यातून दोनदा घरी येणं, हे सगळं वहीत मांडलं तर इथल्यापेक्षा दोन-अडीच हजार जास्त उरतात. त्या दोन-अडीच हजारांसाठी जाऊ, की स्थळाच्या कागदावर 'पुणे' लिहिता यावं म्हणून जाऊ, हे ठरत नाही. आई म्हणते जा. वडील काही म्हणत नाहीत, फक्त हौदाला मोटर बसवायचा खर्च किती ते परवा विचारत होते. महिनाअखेरीला कळवायचंय.

तुम्ही मात्र बिनधास्त या. नाशिकच्या मानानं घरभाडं हलकं वाटेल, ऊन जड. एप्रिल-मे मध्ये दुपारी बाराला बाहेर पडायचं काम काढू नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पहिल्याच आठवड्यात आवडेल. कुणी 'काय करायलास बे' म्हणालं तर तो भांडत नाहीये, चौकशी करतोय. घर बघायला जाल तेव्हा भाड्याच्या आधी तीन गोष्टी विचारा: पाणी किती दिवसांनी, किती वाजता, आणि हौद कितीचा. घरमालक 'भरपूर येतं' म्हणाला तर पुढचं घर बघा. 'चौथ्या दिवशी, पहाटे तीनला, दोन हजार लिटरचा हौद' असं न अडखळता सांगणारा भेटला तर तिथंच टोकन द्या.