पहाटे मासे वर का येतात?

प्रश्न : इंदूरच्या रामबागेतील आमच्या जुन्या घराच्या अंगणात 8 फूट लांब, 5 फूट रुंद आणि 3 फूट खोल हौद आहे. त्यात गोल्डफिश आणि चार लहान कोई (रंगीत जपानी कार्प मासे) पाळले आहेत. सूर्याचीच वीज वापरायची असे ठरवून बॅटरी नसलेले सोलर कारंजे बसवले. ते दिवसभर उत्तम चालते. तरीही या मे महिन्यात मासे पहाटे वर येऊन हवा ओढताना दिसतात आणि सर्वांत मोठे दोन गोल्डफिश मेले. आणखी एक पॅनेल जोडावे का? गच्चीवर 3 किलोवॉटचे ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या तारांना म्हणजे ग्रिडला जोडलेले) सोलर आहे; पंप त्यावर जोडला तर लाइट गेल्यावर चालेल का?

– एक वाचक, इंदूर

उत्तर : दोन मासे गेल्याचे वाचून वाईट वाटले. त्याच कारंज्याला आणखी पॅनेल जोडून मात्र काहीही साधणार नाही, कारण आपले कारंजे नेमके गरजेच्या वेळी बंद असते. दिवसा पाण्यातील शेवाळ आणि वनस्पती प्राणवायू सोडतात. सूर्य मावळला की त्याही माशांप्रमाणे तो केवळ वापरू लागतात, त्यामुळे त्याचे प्रमाण रात्रभर घटत जाऊन सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी होते. त्यात उन्हाळ्याची भर पडते : 20 अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. मोठ्या माशांची गरज जास्त, म्हणून अशा वेळी तेच आधी दगावतात. पहाटे चारच्या सुमारास टॉर्च घेऊन हौदाशी जा. मासे तोंडे वर करून पृष्ठभागाला चिकटल्यासारखे तरंगत असतील आणि ऊन चढल्यावर पुन्हा खाली जात असतील, तर कारण हेच समजा.

आज रात्रीच घरच्या विजेवर एअर पंप लावा. या कामी संकोच करू नका. सायंकाळचे खाणेही तूर्त बंद ठेवा.

त्यानंतर सूर्याच्या विजेची घडी बसवू. 12 व्होल्टवर चालणारा 8 वॉटचा एअर पंप बारा तासांत सुमारे 96 वॉट-तास वीज घेतो. 12.8 व्होल्ट, 20 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे 250 वॉट-तास साठवते, म्हणजे दोन रात्री निभावतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून ती घेतल्यास दुप्पट क्षमतेची घ्या. पॅनेल 100 वॉटचे पुरे : लख्ख उन्हात ते दिवसाला 400 वॉट-तासांच्या आसपास देते, आणि आपल्याकडच्या आषाढ-श्रावणाच्या झाकोळात त्याच्या चौथाईवर आले तरी एका रात्रीची सोय होते. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल साधारण 23 अंश ठेवा. पॅनेल आणि बॅटरीच्या मधे बॅटरीचे चार्जिंग आवरणारा चार्ज कंट्रोलर हवाच. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर तो थांबताच नळीतून पाणी उलटे चढून पंपात शिरते.

गच्चीवरच्या सोलरचे उत्तर नाही असेच आहे. ग्रिडची वीज जाताच ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःही बंद होतो, कारण तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला त्यातून धक्का बसता कामा नये. रात्री तर त्या पॅनेलांतून काही मिळतच नाही.

आता कोईंविषयी, न विचारता. आपल्या हौदात सुमारे 3400 लिटर पाणी मावते, आणि कोई दोन फुटांपर्यंत वाढतात. मोठ्या झालेल्या प्रत्येक कोईमागे किमान हजार लिटर धरावे, या हिशेबाने चौघांची तिथे कोंडी होईल. मोठा हौद असलेल्या एखाद्या शौकिनाला ते आताच द्यावेत, असे मला मनापासून वाटते.

पाणी आठवड्याला दहावा हिस्सा बदलले तरी चालते. नळाला येणारे नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूद गावाहून पंपांनी वर चढवावे लागते आणि त्यासाठी एवढी वीज लागते की, 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी इंदूर महानगरपालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे) काढले. तेव्हा हे पाणी जपून वापरावे, आणि त्यातील क्लोरीन उडून जावे म्हणून पिंपात एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडून दिवसभर उन्हात ठेवल्यावरच हौदात ओतावे.