पाय वर फेकू नकोस

सातारा

चि. मुलीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. तुझ्या शिक्षिका गाव सोडून गेल्यापासून शीर्षासनात जाण्यासाठी तुला उडी मारावी लागते, पाय एकदा भिंतीला टेकले की मात्र तू आरामात राहतेस, तेव्हा आता दर रविवारी पुण्याला जावे की हे आसन सोडूनच द्यावे, असे तू विचारतेस. तुला शीर्षासनात राहता येते, हेच मुळात मला मान्य नाही. ज्या आसनात आपले आपण जाता येत नाही, ते आसन आपल्याला येत नाही. आजवर तुझे घोटे धरून कुणीतरी तुला उभे केले, तो तोल त्या हातांचा होता.

म्हणून पाय वर फेकू नकोस. उडी का मारावी लागते, याचा आधी विचार कर. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असले की पावले चेहऱ्याकडे चालवत आणताना पाठ गोल होते, कंबर खांद्यांच्या वर न येता मागेच राहते, आणि मग झटक्याशिवाय मार्ग उरत नाही. झटक्याने गेलेले पाय कुठे थांबतील हे तुझ्या हाती नसते. ते भिंत थांबवते आणि हिसका मानेला बसतो. याउलट कोपरांतले अंतर खांद्यांइतके राखले, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात जमिनीत दाबला, खांदे कानांपासून दूर उचलले आणि पाठ सरळ ठेवून कंबर वर आणली, तर पायांची बोटे आपोआप हलकी होतात. ती हलकी होईपर्यंत थांबायचे. झाली, की गुडघे छातीशी घेऊन अर्धशीर्षासनात राहायचे आणि त्याच वाटेने सावकाश उतरायचे. यात कित्येक महिने गेले तरी जाऊ देत, पण पाय फेकायचे नाहीत.

साधन नाही, असे तू लिहितेस याचा मला राग येतो. औंध आपल्याच जिल्ह्यातले. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींना सूर्यनमस्कार घालायला लावले. त्यासाठी सतरंजीएवढी जागा पुरते. संथपणे घातलेल्या नमस्कारात मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात आणि हातांना अंगाचा भार पेलण्याची सवय होते. तुला नेमके तेवढेच कमी पडते आहे. डोके खाली आणि पाय वर करणाऱ्या विपरीतकरणीविषयी हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथाच्या तिसऱ्या उपदेशात, म्हणजे अध्यायात, सांगितले आहे की पहिल्या दिवशी क्षणभरच राहावे आणि मग दिवसागणिक थोडे थोडे वाढवावे. तू मात्र पहिल्या आठवड्यातच मिनिटे मोजू लागलीस.

गुरूशिवाय आसने करू नयेत, असे मला आयुष्यभर ऐकवले गेले. मी ज्या वर्गाला जात असे, तिथे शिक्षक रांगेने सर्वांचे पाय उचलत पुढे सरकत आणि आम्ही त्याला प्रगती समजत असू. तो वर्ग सोडला तेव्हा लोकांनी मला अहंकारी ठरवले. माझ्या बरोबरीचे सारे शीर्षासनात उभे राहू लागल्यावरही मी बराच काळ अर्ध्यावरच होतो, आणि तो निर्णय योग्यच होता, असे मी आजही म्हणतो. खंत इतकीच, की खांदे लवचीक होते ती वर्षे दुसऱ्याच्या हातांवर उभे राहण्यात गेली. तुझी जाऊ नयेत, म्हणून इतके कठोर लिहितो आहे.

शिक्षक नकोत, असे मी म्हणत नाही. पुण्याला अवश्य जा, पण स्वतःहून आसनात जाऊ लागल्यावर जा, आणि त्यांना मान व कोपरे तेवढी पाहायला सांग. पायांना हात लावू देऊ नकोस. त्याआधी रक्तदाब आणि डोळ्यांतला दाब तपासून घे. यांपैकी एक जरी वाढलेला निघाला, किंवा मानेचे जुने दुखणे असेल, तर शीर्षासन करायचे नाही. हातांना मुंग्या आल्या तर त्याच क्षणी उतर आणि डॉक्टरांना दाखव. तपासणीत काय निघाले ते मला कळव, मग पुढचे लिहीन.

तुझा हितचिंतक