जुन्या चिपला घाई चालत नाही: तुमचे प्रश्न

भोसरी एमआयडीसीतले एक वर्कशॉपवाले: आमचं कटिंग मशीन आयएसए (जुन्या पीसीतला स्लॉट) कार्डावर चालतं, प्रोग्रॅम टर्बो पास्कल या जुन्या भाषेतला. जुना ४८६ प्रोसेसरचा पीसी बंद पडला म्हणून ६०० मेगाहर्ट्झचा पेंटियम थ्री बोर्ड शोधून आणला, तर प्रोग्रॅम सुरू होताच 'रनटाइम एरर २००' येते. कार्ड गेलं का?

नाही हो दादा, कार्डाला हातच लावू नका. २०० नंबरची एरर म्हणजे भागाकाराची. टर्बो पास्कलचं सीआरटी युनिट (स्क्रीन, कीबोर्ड आणि डिलेचा तयार कोड) सुरुवातीलाच एक रिकामा लूप फिरवतं, टायमरच्या एका ठोक्यात म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदात तो किती वेळा फिरला ते मोजतं आणि त्याला ५५ ने भागतं, म्हणजे एका मिलिसेकंदाला किती फेऱ्या ते कळतं. उत्तर ठेवायला जागा १६ बिटची, म्हणजे जास्तीत जास्त ६५५३५. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरवर उत्तर त्यात मावतच नाही आणि प्रोग्रॅम तिथेच आडवा होतो.

एक्झी फाइलला लावायचे पॅच मिळतात, आधी कॉपी काढून ठेवा आणि मग लावा. पण खरी काळजी त्यानंतरची आहे. लिहिणाऱ्याने डिले ही थांबायची तयार आज्ञा न वापरता कुठे नुसता फॉर लूप टाकून रिले (विजेवर चालणारा स्विच) धरून ठेवला असेल तर तो पॅचने दुरुस्त होत नाही, ४८६ वर जो रिले नीट ओढला जायचा तो आता ओढायच्या आत सुटेल. म्हणून पहिल्यांदा चालवताना मोटरची लाइन काढा, आउटपुटवर एलईडी लावा आणि प्रत्येक स्टेप जुन्याइतकाच वेळ चालू राहते का ते बघा. ब्लेडखाली कुणाचा तरी हात असतो, त्यामुळे एवढं केल्याशिवाय मशीन चालू करू नका, कळकळीने सांगतोय.

कर्वेनगरची एक विद्यार्थिनी: मी छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहितेय. क्यूएमूमध्ये (सॉफ्टवेअरमधला नकली पीसी) मस्त चालतो, पण जुन्या बाजारातून आणलेल्या पीसीवर इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेली हाक) कधी येतात कधी नाही. सर म्हणाले ८० हेक्स पोर्टवर काहीतरी लिही. त्याने काय होणार?

सर बरोबर सांगतायत. तू ८२५९ या इंटरप्ट कंट्रोलरला चार बाइट एकामागोमाग देतेस, आणि जुन्या पीसीवरचा तो चिप पहिला बाइट पचवायच्या आत दुसरा येऊन धडकतो. क्यूएमूमध्ये चिपच नाहीये, सॉफ्टवेअर आहे, त्याला दम घ्यायची गरज नसते, म्हणून तिथे कधी कळलंच नाही. ८० हेक्स हा बायोसचे पोस्ट कोड (पीसी सुरू होतानाच्या तपासणीचे आकडे) दाखवायचा पोर्ट, तिथे लिहिलं तर सहसा कुणाचं काही बिघडत नाही, पण ते लिखाण बसवरून जाईपर्यंत साधारण एक मायक्रोसेकंद जातो आणि तेवढा वेळ चिपला पुरतो. लिनक्सनेही वर्षानुवर्षं हेच केलं. 'सहसा' म्हणालो कारण काही एचपी पॅव्हिलियन लॅपटॉप याच लिखाणाने अडकायचे, त्यांच्यासाठी लिनक्समध्ये मॉडेलचं नाव बघून ईडी हेक्स पोर्ट वापरतात. तूही तो पोर्ट कोडभर विखरू नकोस, एका फंक्शनमध्ये ठेव.

मगरपट्ट्यातल्या एक डेव्हलपर: आमच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये पॉवर मॅनेजमेंट टायमर (चिपसेटमधला वेळ मोजणारा काउंटर) तीनदा वाचलाय. मी एकदाच ठेवला, सगळ्या टेस्ट पास झाल्या. बरोबर केलं ना?

ताई, तो बदल मागे घ्या, आणि तीनदा का वाचलंय ते वर कॉमेंटमध्ये लिहून टाका, आधीच्या माणसाने लिहिलं असतं तर तुमच्यावर ही वेळ आली नसती. इंटेलच्या पीआयआयएक्स४ चिपमध्ये सुरुवातीच्या रिव्हिजनना हा काउंटर वाचताना लॅच होत नाही, म्हणजे वाचेपर्यंत आकडा स्थिर धरला जात नाही. समजा शेवटचे चार बिट ०१११ वरून १००० वर जातायत, चारही एकदम पलटतात, नेमकं त्या क्षणी वाचलं तर ११११ मिळेल नाहीतर ०००० सुद्धा. म्हणजे घड्याळ अचानक पुढे उडी मारतं किंवा मागे जातं, आणि ते इतकं क्वचित होतं की टेस्टमध्ये सापडणारच नाही, गिऱ्हाईकाकडे मात्र सापडेल. तीन वाचनं ओळीने वाढती आली तरच मधलं खरं धरायचं, नाहीतर पुन्हा वाचायचं. काउंटर २४ बिटचा असेल तर साधारण ४.७ सेकंदांनी शून्यावर येतो, तेही धरून चाला. वेग हवाच असेल तर पीसीआय आयडी (चिपचा ओळख क्रमांक) आणि रिव्हिजन बघून फक्त बिघडलेल्या चिपला तिहेरी वाचन द्या, बाकीच्यांना एकेरी. लिनक्स हेच करतं.

चिंचवडहून: पीसीचा टायमर सेकंदाला १८.२ ठोकेच का देतो? सरळ २० का नाही?

अमेरिकन कलर टीव्हीमुळे! १९८१ च्या आयबीएम पीसीत १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता, टीव्हीच्या कलर सिग्नलच्या बरोबर चौपट. त्याला ३ ने भागून प्रोसेसरला ४.७७ मेगाहर्ट्झ दिले आणि १२ ने भागून टायमरला ११९३१८२ हर्ट्झ, म्हणजे एकाच क्रिस्टलमध्ये सगळं भागलं. टायमर १६ बिटचा, ६५५३६ मोजले की एक ठोका, भागाकार करून बघा, १८.२ येतात, आणि दोन ठोक्यांमधलं अंतर ५५ मिलिसेकंद. भोसरीच्या प्रोग्रॅममधले ५५ ते हेच.